घरच्या ब्रॉडबँडला मोबाईल इंटरनेटची जोड

प्राथमिक शिक्षकाच्या कामाचा बराच भाग आता शाळेच्या इमारतीबाहेर, बहुधा त्याच्या स्वतःच्या घरी, आणि तोही इंटरनेटच्या आधारे पार पडतो. यू-डायस प्लसची माहिती, शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे, शालार्थमधील वेतनदेयक, पोषण आहाराच्या नोंदी, जिल्हांतर्गत बदलीचे विकल्प ही सर्व कामे मुदतीची आहेत. वीज होती की नव्हती, तार तुटली होती की जोडली होती, ह्याची विचारपूस मुदत करीत नाही. बदलीचा विकल्प वेळेवर न भरला गेल्यास त्याचे फळ एखाद्या कुटुंबाला पुढे कित्येक वर्षे भोगावे लागते. गावात ज्या एकदोन घरी खात्रीचे इंटरनेट असते, त्यांत शिक्षकाचे घर पुष्कळदा असते. त्यामुळे प्रवेश परीक्षेचा अर्ज भरावयास आलेली शेजारची मुलेही ह्याच तारेवर अवलंबून असतात. यास्तव घरच्या ब्रॉडबँडला मोबाईलच्या इंटरनेटची जोड कशी द्यावी, ती कोठे उपयोगी पडते व कोठे पडत नाही, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

केंद्र सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूचे (फायबरचे) जाळे नेण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ ह्या नावाने ओळखली जाते. ह्या योजनेमुळे, तसेच भारत संचार निगम, खाजगी कंपन्या आणि गावोगावचे केबलचालक ह्यांच्यामुळे पुष्कळ खेड्यांत फायबर घरापर्यंत पोचले आहे. केसासारख्या ह्या काचेच्या तंतूतून प्रकाश जातो. घरातील भिंतीवर जी लहानशी पेटी बसविलेली असते, तिला ओएनटी म्हणतात. ती प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतांत करते, आणि राऊटर ते संकेत घरातील संगणक व मोबाईल ह्यांना वायफायने वाटून देतो. पुष्कळ ठिकाणी ही दोन्ही कामे एकाच पेटीत होतात.

आता इंटरनेट ‘गेले’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय गेलेले असते? ह्याचे उत्तर पेटीवरील दिव्यांत आहे. एकही दिवा लागत नसेल तर पेटीला वीज नाही. ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर तंतूतून प्रकाश येत नाही, म्हणजे वाटेत कोठे तरी तंतू तुटला, वाकला किंवा निसटला आहे. लाइनमन ह्यालाच ‘लॉस आला’ असे म्हणतात. सर्व दिवे नेहमीसारखे हिरवे असून काहीच उघडत नसेल, तर दोष बहुधा पुढे कंपनीच्या यंत्रणेत असतो. तक्रार नोंदविताना ‘इंटरनेट चालत नाही’ एवढेच न सांगता ‘एलओएस लाल आहे’ असे सांगितल्यास कामाचा माणूस कामाच्या ठिकाणी येतो. तंतू तुटण्याची कारणे आपल्या पाहण्यातलीच आहेत: रस्त्याच्या रुंदीकरणाचा जेसीबी, पावसाळ्यात पडलेली फांदी, आणि गळीत हंगामात उंच भरलेल्या उसाच्या ट्रॉलीत अडकणारी लोंबती केबल. (तुटलेल्या तंतूचे टोक मुलांना हाताळू देऊ नये व त्यात डोकावू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो नसतो असे नाही. शिवाय काचेचे बारीक तुकडे कातडीत रुततात.)

आधी बॅटरी, मग सिमकार्ड

जोडीची व्यवस्था म्हटली की मनात प्रथम दुसरे सिमकार्ड येते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा आहे. घरापर्यंतच्या फायबरची रचना अशी असते की केंद्रापासून घरापर्यंतच्या तंतूला मध्ये कोठेही विजेची गरज लागत नाही. वाटेत तंतूच्या शाखा करणारी जी डबी असते, तीही विजेवाचून चालते. म्हणून गावची वीज गेली तरी केंद्रात जनित्र किंवा बॅटरी चालू असेल तर प्रकाश आपल्या भिंतीपर्यंत येतच असतो. बंद पडलेली असते ती फक्त आपली पेटी. अशा वेळी सिमकार्डाची नव्हे, बॅटरीची उणीव असते. मात्र केबलचालकाचे यंत्र गावातल्याच एखाद्या दुकानात ठेवलेले असेल व तेथे बॅटरी नसेल, तर आपली पेटी जागी राहूनही उपयोग होत नाही. ही चौकशी एकदा करून ठेवावी.

ओएनटी आणि राऊटर मिळून साधारण २० वॅट वीज खातात. दोन्ही एकाच पेटीत असल्यास याहून कमी. बाजारात राऊटरसाठी लहान यूपीएस मिळतात. त्यांवर १०,००० एमएएच असा मोठा आकडा छापलेला असतो. पण तो आतील ३.७ व्होल्टच्या घटाचा असतो हे ध्यानात घ्यावे. ३.७ ला १० अँपिअर-तासांनी गुणले म्हणजे ३७ वॅट-तास होतात. २० वॅटचा भार घातल्यास ही शक्ती पावणेदोन तासांतच संपेल, आणि व्होल्ट वाढविताना होणारी घट धरल्यास त्याहूनही लवकर. दोन तासांच्या भारनियमनाला ती अपुरी आहे. उलटपक्षी घरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी असेल तर तिच्यात १,८०० वॅट-तास साठतात. तिचा निम्मा उपयोग धरला तरी ही जोडी त्यावर दीड दिवसाहून अधिक चालेल, अर्थात् पंखे व दूरदर्शन संच त्याच बॅटरीवर नसतील तर. लहान यूपीएस घेण्यापूर्वी ओएनटीच्या अडॅप्टरवरील व्होल्टचा आकडा वाचावा. तो बहुधा १२ असतो. परंतु ९ किंवा ५ व्होल्टच्या पेट्याही आहेत, आणि चुकीचा व्होल्ट दिल्यास पेटी जळते.

दुसरी वाट खरोखर दुसरी असावी

जोडीच्या मार्गाची कसोटी एकच: ज्या कारणाने पहिला मार्ग बंद पडेल, त्याच कारणाने दुसरा पडता कामा नये. मोबाईलचे इंटरनेट आकाशातून येते असे आपल्याला वाटते; पण आकाशातून ते मनोऱ्यापर्यंतच जाते. मनोऱ्यापासून पुढे पुष्कळदा तेही फायबरनेच जाते, आणि ते फायबर आपल्या घरच्या फायबरच्याच रस्त्याने, कधी कधी त्याच चरातून गेलेले असते. एकाच कंपनीचे ब्रॉडबँड व सिमकार्ड घेतल्यास जेसीबीच्या एका घावात दोन्ही जाण्याचा संभव वाढतो. म्हणून सिमकार्ड दुसऱ्या कंपनीचे घ्यावे. मनोऱ्यावर ढोलासारख्या गोल तबकड्या बसविलेल्या असतील, तर तो मनोरा दुसऱ्या मनोऱ्याशी बिनतारी मार्गाने जोडलेला असण्याचा संभव आहे. असा मनोरा आपल्या कामासाठी अधिक चांगला, कारण रस्ता खणला तरी तो चालू राहतो.

मनोऱ्यालाही वीज लागते. तेथील बॅटऱ्या काही तास पुरतात. पुढे जनित्र नसेल तर मनोराही झोपतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड, दापोली ह्या तालुक्यांत विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले, आणि वीज व मोबाईल दोन्ही कित्येक दिवस बंद राहिली. अशा आपत्तीत घरातील कोणतीही व्यवस्था पुरी पडत नाही. आपण येथे ज्या अडचणीचा विचार करीत आहो, ती दोन तासांपासून दोन-चार दिवसांपर्यंतची, तुटलेल्या तारेची अडचण आहे.

जोड देण्याच्या रीती

पहिली रीत फुकटची आहे. जवळच्या मोबाईलमधील हॉटस्पॉट चालू करावा व संगणक त्याला जोडावा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर ही रीत बहुतेक शिक्षकांच्या अंगवळणी पडली. हिच्यात एक सोय करून घेता येते. मोबाईलच्या हॉटस्पॉटला घरच्या वायफायचेच नाव व तोच परवलीचा शब्द द्यावा. सुरक्षेचा प्रकारही दोन्हीकडे तोच ठेवावा. असे केल्यास राऊटर बंद करून हॉटस्पॉट चालू करताच घरातील उपकरणे त्याला आपण होऊन जोडली जातात. मात्र दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत. तसे केल्यास कोणते उपकरण कोठे जोडले गेले ह्याचा पत्ता लागत नाही. ज्याचे काम आठवड्यातून दोनदा एखादा अर्ज भरण्याचे आहे, त्याने ह्यापुढे खर्च करण्याची गरज नाही, असे स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

दुसरी रीत अशी की, ज्या राऊटरला यूएसबीचे छिद्र आहे व मोबाईल जोडणी स्वीकारण्याची सोय आहे, त्यात ४जी डोंगल लावावे. दोन्ही सोयी असल्याची खात्री केल्यावाचून डोंगल विकत घेऊ नये. कपाटात पडलेले जुने ३जी डोंगल आता बहुतेक ठिकाणी निरुपयोगी आहे.

तिसरी रीत ४जी राऊटरची. ह्यात सिमकार्डासाठी खाच असते व ओएनटीची तार घेण्यासाठी ‘वॅन’ नावाचे छिद्रही असते. हे दुसरे छिद्र नसलेले राऊटर स्वस्त मिळतात, परंतु ते आपल्या कामाचे नव्हेत. ओएनटीच्या ‘लॅन’ छिद्रातून निघालेली तार ह्या राऊटरच्या ‘वॅन’ छिद्रात घालावी. राऊटरच्या पानावर जाऊन पहिला मार्ग तारेचा व राखीव मार्ग ४जीचा असे ठरवावे. तार बंद पडल्यावर राऊटर आपण होऊन सिमकार्डाकडे वळतो व तार सुरू झाल्यावर परत येतो.

ही मांडणी करताना दोन ठिकाणी हमखास अडते. ओएनटीचे स्वतःचे वायफाय चालूच राहिले, तर घरातील मोबाईल व संगणक जुन्या सवयीने त्यालाच जोडलेले राहतात. तंतू तुटला की त्यांचे इंटरनेट जाते, आणि शेजारी सिमकार्डासह सज्ज असलेला राऊटर रिकामा बसून राहतो. म्हणून ओएनटीचे वायफाय बंद करावे व सर्वांना नव्या राऊटरच्या वायफायवर आणावे. दुसरी अडचण पत्त्याची. दोन्ही पेट्यांचा घरातील पत्ता कारखान्यातून १९२.१६८.१.१ असा एकच आलेला असू शकतो. एकाच गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरे असली म्हणजे टपालवाल्याचे जे होते, तेच येथे होते. नव्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.२.१ असा करावा.

ह्या सर्व योजनेचे मर्म, तार बंद पडली हे राऊटरला कसे कळावे, ह्यात आहे. राऊटरला आपल्या छिद्रात घातलेली तार जिवंत आहे की नाही एवढेच सहज कळते. पण गावाबाहेर तंतू तुटला तरी ओएनटीपासून राऊटरपर्यंतची दोन हातांची तार जिवंतच असते! राऊटर तेवढ्यावर समाधान मानील व सिमकार्डाकडे वळणारच नाही. वर्गात हजेरी घेताना पाटीवरील नाव वाचून भागत नाही, मुलाने ‘हजर’ म्हणावे लागते, तसेच हे आहे. म्हणून राऊटरला दूरच्या एखाद्या पत्त्यावर ठरावीक वेळाने हाक घालण्यास सांगावे, ८.८.८.८ व १.१.१.१ हे पत्ते ह्यासाठी सर्रास वापरतात. दोन पत्ते द्यावेत, म्हणजे त्यांपैकी एकाने उत्तर दिले नाही तरी उगीच मार्ग बदलत नाही. दर दहा सेकंदांनी हाक घालावी आणि लागोपाठ तीन वेळा उत्तर न आल्यास मार्ग बदलावा, असे ठरविल्यास अर्ध्या मिनिटात काम होते. परत येण्याची मात्र घाई नसावी. तारेचा जोड हलता असेल तर इंटरनेट येते-जाते, आणि राऊटरही तसाच इकडून तिकडे धावत राहतो. राऊटरमध्ये सोय असल्यास तार पाच मिनिटे सलग चालल्यावरच परतावे, असे ठरवून द्यावे. विकत घेताना ‘दूरचा पत्ता तपासून मार्ग बदलण्याची सोय आहे काय’ हा प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा.

मार्ग बदलला म्हणजे इंटरनेटवरील आपला पत्ताही बदलतो. त्यामुळे चालू असलेली दृक्श्राव्य सभा क्षणभर तुटते, आणि बँकेचे किंवा शासकीय संकेतस्थळ आपल्याला बाहेर काढून पुन्हा प्रवेश करावयास लावू शकते. लांबलचक अर्ज भरताना प्रत्येक पानावर ‘जतन करा’ दाबण्याची सवय ह्यासाठीच ठेवावी.

सिमकार्ड व त्याचा खर्च

बँकेशी व आधारशी जोडलेल्या क्रमांकाचे सिमकार्ड राऊटरमध्ये कधीही घालू नये. संकेतस्थळे पाठवितात तो ओटीपी मग राऊटरच्या पोटात जातो, आणि काम अडते ते नेमके शेवटच्या पायरीवर. राऊटरसाठी वेगळे सिमकार्ड असावे. मात्र ते नुसते पडून राहू देऊ नये. ९० दिवस काहीच वापर न झाल्यास प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो, आणि पॅकची मुदत संपली असेल तर गरजेच्या दिवशी हाती काहीच लागत नाही.

मोबाईलच्या बहुतेक पॅकमध्ये दररोज दीड किंवा दोन जीबीची मर्यादा असते व ती ओलांडल्यावर वेग सेकंदाला ६४ किलोबिटपर्यंत खाली येतो. आठ बिटांचा एक बाईट. म्हणजे हा वेग सेकंदाला ८ किलोबाईट झाला. दोन मेगाबाईटचे एक छायाचित्र पाठविण्यास ह्या हिशेबाने चार मिनिटांहून अधिक वेळ लागेल, आणि तेवढ्यात संकेतस्थळ वाट पाहून कंटाळेल. अर्ज भरण्यासाठी दीड जीबी पुष्कळ आहे. पण संगणकाने मागच्या मागे स्वतःची अद्ययावत प्रणाली उतरविण्यास घेतली, किंवा मोबाईलने सहलीची सर्व छायाचित्रे साठवणीत पाठविण्यास सुरुवात केली, तर हा साठा तासाभरात संपतो. संगणकाच्या वायफायच्या मांडणीत ‘मीटर्ड कनेक्शन’ असा एक पर्याय असतो. तार बंद असलेल्या दिवसांत तो चालू करावा, म्हणजे ही परस्पर उधळपट्टी बरीच थांबते. घरातील मंडळींनाही, आज चित्रफिती पाहू नयेत, असे सांगावे लागेल. ह्यास राऊटरमध्ये तोड नाही.

राऊटर कोठे ठेवावा

मोबाईलच्या पडद्यावरील उभ्या रेघांवर विसंबून जागा ठरवू नये. अँड्रॉइड मोबाईलमध्ये ‘फोनविषयी’ ह्या सदराखाली सिमकार्डाची स्थिती पाहिल्यास संकेताचे बळ डीबीएम ह्या मापात दिसते. हा आकडा ऋण असतो. उणे ८० उत्तम, उणे १०० कामचलाऊ, उणे ११० च्या खाली गेल्यास अवघड. दर दहाच्या फरकाने बळ दहापट कमी किंवा अधिक होते. म्हणजे उणे ९० ऐवजी उणे १०० मिळत असेल तर आपल्याला दशांश बळ मिळत आहे. कोकणातील चिऱ्याच्या जाड भिंती व सर्वत्र दिसणारे पत्र्याचे छप्पर हे संकेताला अडवितात. आतल्या खोलीतून मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत राऊटर आणल्यास दहाचा फरक सहज पडू शकतो, आणि त्याला पैसा लागत नाही. सातवीच्या मुलांकडून शाळेच्या निरनिराळ्या जागी हे आकडे टिपून घेऊन तक्ता करविल्यास ऋण संख्यांचा एक चांगला पाठ होतो. उणे ११० पेक्षा उणे ८५ मोठी का, हे त्यांना मग फळ्यावर सांगावे लागत नाही.

खिडकीतही बळ कमीच पडले, तर बाहेरील अँटेना जोडता येणारा राऊटर घ्यावा व अँटेनाची तार शक्य तितकी आखूड ठेवावी, कारण लांब तारेतच मिळकत विरून जाते. बाजारात ‘सिग्नल बूस्टर’ ह्या नावाने विकले जाणारे यंत्र मात्र घेऊ नये. असे यंत्र परवानगीवाचून बसविणे कायद्याने गुन्हा आहे. त्याच्या गोंगाटाने मनोऱ्याची सेवा बिघडते आणि त्रास साऱ्या गावाला होतो.

सर्व मांडणी झाल्यावर तिची परीक्षा घ्यावी. राऊटरची तार उपसून पाहणे ही खरी परीक्षा नव्हे; तेवढे तर साध्यातला साधा राऊटरही ओळखतो. ओएनटीच्या तळाशी बहुधा हिरव्या टोकाचा जो तंतू असतो, तो टोकाला बोट न लावता हळूच काढावा, धूळ बसू नये म्हणून त्यावर टोपण घालावे, आणि घड्याळ लावून बसावे. एका मिनिटाच्या आत संगणकावर एखादे नवे संकेतस्थळ उघडले पाहिजे. नंतर तंतू ‘टक’ असा आवाज येईपर्यंत आत बसवावा व लाल दिवा विझल्याची खात्री करावी. त्यानंतर भिंतीवरील विजेचे बटण बंद करून दोन्ही पेट्या बॅटरीवर किती वेळ चालतात तेही मोजावे. सिमकार्डाचा क्रमांक, पॅक संपण्याची तारीख, राऊटरचा पत्ता आणि केबलचालकाचा दूरध्वनी क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती राऊटरच्या पाठीमागे भिंतीला चिकटवावी, म्हणजे आपण घरी नसताना घरातील दुसऱ्या माणसालाही हे काम करता येईल. राऊटरचा परवलीचा शब्द त्या चिठ्ठीवर लिहू नये. तो वहीत असावा.